खरे सात, सांगितले अकरा

४ फेब्रुवारी, मंगळवार

चार दिवस खोटं बोलते आहे आणि आज पकडली जाता जाता वाचले, म्हणून ही वही काढली. दुसरं काही कारण नाही. रोजनिशी लिहिणं हा मला कायम रिकामटेकड्यांचा उद्योग वाटत आला.

झालं असं. धाकट्या भावाने हॉस्पिटलात नेहमीप्रमाणे विचारलं, "किती आहेत?" मी म्हटलं, "दहा." त्याने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "काल अकरा होते ना, ताई?" मी म्हटलं, "एक झाडामागे होता. अकराच." त्याने मास्क परत लावला आणि माझ्याकडे बघत राहिला.

खरे सात आहेत.

खोटं बोलायचं तर काल काय बोललो ते लक्षात ठेवावं लागतं. माझ्या डोक्याला ती सवय नाही. तेव्हा रोज दोन आकडे लिहायचे, एक खरा आणि एक सांगितलेला. औषधाच्या बाटल्या धुण्याच्या विभागात एकतीस वर्षं असेच रकाने भरले — धुतलेल्या किती, नापास किती, तपासनीसाची सही, पुढे बरोबरची खूण. फरक एवढाच की तिथले सगळे आकडे खरे होते.

खरे ७. सांगितले ११.

५ फेब्रुवारी, बुधवार

लिहायला बसलेच आहे तर केलेलं कर्मही लिहून टाकते.

मासे धाकट्याचे. बाहेरच्या खोलीत, त्याच्या रंगकामाच्या जुन्या टेबलावर चाळीस लिटरची काचेची टाकी. आत ठेंगणे कॅटफिश, अकरा. त्यांना तो 'बुटके' म्हणतो. पूर्ण वाढलेला बुटका माझ्या करंगळीच्या पेराएवढा. रुपेरी अंग, बाजूला पट्टीने आखल्यासारखी एक काळी रेघ, तोंडाशी दोन-चार मिशा. दोन वर्षं झाली त्याने आणून. पाट्या रंगवायचं काम सुटलं, मग हे.

गेल्या गुरुवारी त्याला दम लागला तो बसेना. हॉस्पिटलात ठेवून घेतलं. शुक्रवारी मी टाकी साफ केली.

दोन वर्षं माझे हात शिवशिवत होते! काचेवर हिरवट थर, वाळूवर चॉकलेटी भुगा, आणि फिल्टरमधला स्पंज — बघवत नव्हता. मी काही म्हटलं की हा म्हणायचा, "हात लावू नकोस. ती घाण नाही, ते त्यांचं घर आहे." घाणीला घर म्हणणाऱ्या माणसाचं काय ऐकायचं? म्हटलं, सोमवारी घरी येईल, टाकी बघेल, आणि एकदा तरी गप्प बसेल.

बुटके बादलीत काढले. सगळं पाणी ओतलं. वाळूवर उकळतं पाणी घातलं. स्पंज उकळला, नळाखाली धरून पिळला, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. साबण लावला नाही, तेवढी अक्कल होती. मग नळाचं पाणी भरलं. टाकी अशी चमकली की कारखान्यात पहिल्या फेरीत पास झाली असती.

शनिवारी सकाळी चार उलटे.

त्यांना वाटीत घेऊन मी मासेवाल्याच्या दुकानात धावले. मासेवाला म्हणजे शोभेचे मासे विकणारा. धाकट्याची दोन वर्षांची ओळख. जाडजूड माणूस, झुपकेदार मिशा. मी मनात त्याचं नाव मिशाळ ठेवलं. त्याने माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही टाकी साफ केलीत की टाकीचा सफाया?"

मी म्हटलं, मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. तर म्हणे, "मग बरं झालं, समजवायला सोपं जाईल." आणि समजावलं. मासे अंगातून अमोनिया टाकतात. त्या काळ्या स्पंजात तो खाणारे जंतू असतात. ते मी उकळले. वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. त्यासाठीच्या थेंबांची बाटली टेबलाच्या खणात होती, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

एकतीस वर्षं मी जंतू मारत आले. पहिल्यांदाच जिवंत हवे होते.

खरे ७. सांगितले ११.

६ फेब्रुवारी, गुरुवार

खरे ७. सांगितले ११. रोज पाव टाकी पाणी बदलायचं, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, थेंब घातलेलं. मिशाळने स्वतःच्या टाकीतला मळक्या स्पंजाचा तुकडा दिला आहे. "फिल्टरात ठेवा. आणि हात जोडतो, धुऊ नका!"

ठेवला. धुतला नाही. बघवत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

सहा.

सकाळी दिवा लावायच्या आधी मोजायचं असतं, तेव्हा ते रुंद पानावर बसलेले असतात, एकेका पानावर दोन-दोन. धाकट्याने सांगितलेली युक्ती. एरवी मोजणं अशक्य. बाकीचे कॅटफिश म्हणे तळाशी लोळतात, हे मात्र पाण्याच्या मधोमध घोळक्याने फिरतात. मोजून होईतो जागा बदललेली. आज पानावर पाच बसले होते आणि एक वाळूवर. सातवा फिल्टरच्या नळीला चिकटलेला.

चमच्याने काढला. वजन काहीच नाही. चमचाच जड.

मिशाळकडे पाणी घेऊन गेले. नमुन्यात त्याने अमोनिया तपासायचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं, हिरवट झालं. परवापेक्षा कमी हिरवं. मी म्हटलं, म्हणजे सुधारतंय? त्याने बाटली खाली ठेवली. "पाणी सुधारतंय. मासे नाही. कल्ले भाजलेत त्यांचे. आता जे जातील ते त्याच दिवशी गेलेत, बाई. नुसतं कळायला उशीर."

असं तोंडावर बोलायची काही गरज होती का? पण बरं झालं बोलला. मी कारखान्यात कामगारांशी असंच बोलत असे.

दुपारी धाकट्याने विचारलं, "वर येतात का हवा घ्यायला?" हे मासे मधूनच सुळकन वर जातात, पाण्याबाहेर तोंड काढून एक घोट हवा गिळतात आणि परत खाली. मी म्हटलं, येतात. "किती वेळा?" अधूनमधून. तो म्हणाला, "अधूनमधून ठीक. सारखे येत असतील तर सांग."

सारखे येताहेत.

खरे ६. सांगितले ११.

९ फेब्रुवारी, रविवार

६. ११.

त्याला मी मिशाळ हे नाव सांगितलं. मास्कच्या आत हसला, मग खोकला, मग नर्स धावत आली आणि माझ्यावरच डाफरली — "काकू, हसवू नका त्यांना!" मी कुणाची काकू नाही, आणि आजवर मी कुणाला हसवल्याचा कुणी आरोप केला नव्हता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी बाहेर बोलावलं. मुलगीच आहे, पण बोलते नीट. फुप्फुसं आतून कडक होत गेली आहेत. तीस वर्षं बंद खोलीत रंगाचे फवारे मारलेत, तोंडाला फडकंसुद्धा न बांधता. मी म्हटलं, घरी कधी नेऊ? म्हणाली, "बघू."

डॉक्टरांचं 'बघू' म्हणजे काय ते मला कळतं. मीही नापास बाटल्यांच्या गाडीवाल्याला "बघू" म्हणत असे.

आत गेले तर हा विचारतो, "काय म्हणाली गं?" मी म्हटलं, बरा होतोयस म्हणाली. "आणि बुटके?" अकरा. "वा! म्हणजे सगळंच झकास की."

एकाच दिवशी दोन खोटी. दुसऱ्याचा रकाना मी आखलेला नाही.

खरे ६. सांगितले ११.

१२ फेब्रुवारी, बुधवार

६. ११. टाकीच्या पुढच्या काचेवर नळाच्या पाण्याचे पांढरे ठिपके धरले होते, दहा-बारा, खसखशीएवढे. ब्लेडने खरवडून काढले. निदान एक काम तरी धड झालं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हे लिहिणार नव्हते.

मिशाळकडे पाणी तपासायला गेले. पिवळं! जवळजवळ पिवळं. मला बरं वाटलं, म्हणून उगाच बोलत बसले. म्हटलं, तुमचे थेंब घालूनही काचेवर क्षाराचे डाग पडतात, मी ब्लेडने काढले. त्याने विचारलं कसले डाग. मी सांगितलं. गोल? गोल. चिकट? हो, जरा चिकट होते.

त्याने नमुन्याची बाटली उगाच पुन्हा धुतली.

मग म्हणाला, "थंड पाणी रोज घालताय ना तुम्ही. पाऊस आला असं वाटतं त्यांना. अंडी घालतात." मी म्हटलं, मरायला टेकलेले मासे अंडी कशाला घालतील? तर म्हणाला, "मरायला टेकलेलेच घालतात कधीकधी."

त्याच्या स्टुलावर बसले. कुणाच्या दुकानात मी कधी बसत नाही. त्याने पाणी दिलं, प्यायले. पेला मळका होता, तोही चालला.

"भाऊंना सांगितलंत का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, त्यांना अकराच ठाऊक आहेत आणि तेवढेच राहतील. तो मिशी चावत बसला. टेबलावर त्याचा फोन सारखा टिंग टिंग वाजत होता, त्याने तो उलटा करून ठेवला. गिऱ्हाइकाशी बोलताना फोन बंद ठेवावा एवढीही रीत नाही.

घरी येऊन काच भिंगाने बघितली. स्वच्छ. डागाचा मागमूस नाही.

खरे ५ (आज सकाळी एक). सांगितले ११.

१६ फेब्रुवारी, रविवार

खरे ४. सांगितले ११.

भेटायच्या वेळेआधी दहा मिनिटं पोहोचले. त्याने मला बघून उशीखाली कागद सरकवला. शब्दकोडं असणार. आयुष्यभर अर्धी सोडवून टाकली.

त्याचे केस विंचरले. हात खडबडीत झाले होते, तेल लावलं. तो बघत होता. म्हणाला, "ताई, तू हल्ली फार गोड वागतेस. मी मरतोय की काय?"

मी म्हटलं, गप रे बावळटा.

"हां," तो म्हणाला. "आता बरं वाटलं."

१७ फेब्रुवारी, सोमवार

४. ११. पान पुसू नये, वाळूवरचा भुगा झाडांना खत म्हणून राहू द्यावा, काचेला हात लावू नये, हे मिशाळचं सगळं पाळते आहे. टाकीवर परत हिरवट थर चढू लागला आहे. रोज बघते. थराकडे आशेने बघण्याची वेळ माझ्यावर येईल असं कुणी सांगितलं असतं तर त्याला कारखान्याच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नर्स, तीच काकू म्हणणारी, जिन्यात भेटली. "तुमच्या माशांचं कळलं हं! सगळ्या वॉर्डाला सांगतात भाऊ. अकराच्या अकरा माझ्या ताईने जगवलेत म्हणे. सात नंबरच्या आजोबांनी पैज मारली होती की बाईमाणसाला नाही जमणार, हरले ते."

मी म्हटलं, अस्सं.

वर गेले तेव्हा सात नंबरचे आजोबा मला हात जोडून म्हणाले, "मानलं बाई तुम्हाला."

आई गेली तेव्हा मी एकोणीसची होते आणि हा आठचा. कॉलेजचा अभ्यास एका मांडीवर आणि याची गणितं दुसऱ्या मांडीवर. फुल्याच फुल्या मारायची मी त्याच्या वहीत. बरोबरची खूण माझ्याकडून मिळवताना त्याला घाम फुटे. एकदा म्हणाला होता, "ताई, तुझ्या खुणेची शेपटी किती तोऱ्यात वर जाते! जशी काय गणितं तूच सोडवलीस." मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मोठा झाल्यावर नोकरी धरली नाही, पाट्या रंगवल्या, लग्न केलं नाही, माझ्याच घरात राहिला, आणि मी फ्रिजवर त्याच्या कामांचा तक्ता लावला. तिथेही फुल्याच. दूध आणलं नाही. बिल भरलं नाही. खोली झाडली नाही.

आणि तो वॉर्डाला सांगतोय की ताईने जगवले.

खरे ४. सांगितले ११.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज लाज सोडली. मिशाळला म्हटलं, मला आठ बुटके द्या.

"चार उरलेत ना?" म्हणाला.

तीन. सकाळपासून तीन. आठ दिले की अकरा होतील, फोटो काढून भावाला दाखवेन.

त्याने मान हलवली. "नाही देणार."

मी म्हटलं, दुकान कशाला उघडलंय मग? पाणी पिवळं आलंय, तुम्हीच म्हणालात. तो म्हणाला, "आज पिवळं आहे. आठ नवे आत सोडलेत की चार दिवसांत परत हिरवं. तो स्पंज अजून तीन माशांपुरता आहे, अकरांपुरता व्हायला महिना लागेल. तेही मरतील, हेही मरतील. तुम्ही पदवीधर ना?"

मी त्याला काहीबाही बोलले. निर्दयी, गुर्मीखोर, मिशाळ — तोंडावर मिशाळ म्हटलं! तो चिडला नाही. उलट म्हणाला, "ठाऊक आहे मला ते नाव." मग काउंटरखालून एक डबी काढली, बुडणाऱ्या खाद्याची, बारीक करून भरलेली. "तुम्ही आज याल असं वाटलंच होतं. हे चिमटीभर घाला, भाऊ घालायचे तेच आहे."

हुशार विक्रेता. गिऱ्हाईक कधी येणार तेही ओळखून असतो. आणि माझं तोंड बोलताना सुटत असणार, नाहीतर नाव त्याला कसं कळलं?

खरे ३. सांगितले ११.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

३. ११. त्याला दोन शब्दांनंतर थांबावं लागतं. फोन हातात असतो, अंगठ्याने काहीतरी टाइप करत बसतो. मी म्हटलं, डोळे जातील. म्हणाला, "जाऊ देत. रांगेत. उभे आहेत."

२२ फेब्रुवारी, शनिवार

दोन. मोठी होती ती गेली. पोट भरलेलं होतं. अंडी असावीत. मी बघितलं नाही नीट.

सांगितले ११.

२३ फेब्रुवारी, रविवार

२. ११. आज त्याने आकडा विचारलाच नाही. मी आपणहून सांगितला. त्याने मान हलवली. खोटं बोलण्यात मी आता सराईत झाले आहे की त्याला ऐकायचा कंटाळा आलाय?

२४ फेब्रुवारी, सोमवार

एक.

सकाळी पानावर एकटा बसला होता. दिवा लावल्यावर बाजूच्या काचेजवळ गेला. काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं. तो वर गेला की तेही वर, तो वळला की तेही. तासभर त्याच्याबरोबर फिरला. घोळक्यात राहणारी जात. मध्येच थांबून डोळा फिरवला. ते डोळा मारल्यासारखं दिसतं. धाकटा नेहमी सांगायचा, बुटके डोळा मारतात, आणि मी म्हणायची, मला कधी मारला नाही. आज मारला. काचेतल्याला असेल.

मिशाळ म्हणाला, "एकटा ठेवू नका. माझ्याकडे चौदा आहेत, त्यांच्यात सोडतो." मी म्हटलं, विचार करून सांगते. खरं म्हणजे विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण टाकी अगदीच रिकामी झाली तर घरी येऊन बघायचं काय?

आणि हॉस्पिटलातून निघताना डॉक्टरीणबाईंनी थांबवलं. उद्या संध्याकाळी धाकट्याच्या घशातून नळी घालायची आहे. मास्क पुरेनासा झाला. नळी घातल्यावर बोलता येत नाही, बहुतेक झोपवूनच ठेवतात. मी विचारलं, नळी निघते केव्हा? तिने या वेळी 'बघू'सुद्धा म्हटलं नाही. म्हणाली, "उद्या दुपारी लवकर या. पाहिजे तेवढा वेळ बसा."

खरे १. सांगितले ११.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

घरी आल्या आल्या लिहीत आहे, म्हणजे जसंच्या तसं राहील.

सकाळपासून ठरवत होते. एक म्हणजे, आता सांगून काय मिळणार? अकरा जिवंत आहेत असं समजून झोपला तर काय बिघडलं? दुसरं म्हणजे, आमच्यातलं शेवटचं बोलणं खोटं? मी? ज्या बाईने दोन बाटल्यांच्या हिशोबावरून मॅनेजरला कागद फाडायला लावला ती? बसमध्ये उतरायचा थांबा चुकला, चालत मागे आले.

दुपारी एकला पोहोचले. त्याला बसवलं होतं, पाठीला तीन उशा. मास्क फुसफुसत होता. ओठ निळसर. मला बघून भुवया उडवल्या, म्हणजे किती?

मी म्हटलं, "एक."

त्याने डोळे मिटले नाहीत. मी भराभर बोलले, नाहीतर बोलणंच झालं नसतं. "एकच आहे. दहा मी मारले. तुला आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी टाकी धुतली. स्पंज उकळला. चार लगेच गेले, बाकीचे एकेक करून. अंडीसुद्धा घातली होती, ती मी ब्लेडने खरवडली. तुला रोज अकरा सांगत होते. रोज खोटं."

त्याने मास्क दोन बोटांनी जरा वर केला. "बरं," म्हणाला.

मी थांबले. अजून काही बोलेल म्हणून. ओरडेल, रडेल. माझ्यासारखी ताई असती तर मी ओरडले असते.

"पाणी बदललंस?"

हो.

"नळाचं?"

नाही रे. भरून ठेवलेलं. थेंब घालून.

"हं." मास्क खाली. थोड्या वेळाने परत वर. "मिशाळला. दे तो. एकटा. नको."

मी म्हटलं, देईन. मग त्याने चष्मा मागितला, दिला. उशीखाली हात घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तू जा. चहा पिऊन ये." मी म्हटलं, मला चहा नको. "जा ना. गं. ताई."

गेले. कोपऱ्यातल्या यंत्राचा चहा घेतला, गरम पाणी नुसतं. परत आले तर डोळे मिटून पडला होता, चष्मा तसाच. मी काढून ठेवला. चार वाजेपर्यंत हात धरून बसले. तो झोपला होता की नव्हता, माहीत नाही. चारला त्याला नेलं.

त्याला नीट कळलं की नाही, हाच प्रश्न राहिला. 'बरं' म्हणजे काय? मी दहा जीव मारल्याचं सांगते आणि हा 'बरं' म्हणतो. कदाचित ऑक्सिजन डोक्यात पोहोचत नसेल. कदाचित त्याने अकराच ऐकलं.

खरा १. सांगितला १.

२६ फेब्रुवारी, बुधवार

झोपवून ठेवलंय. काचेतून बघू दिलं.

१.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी पावणेतीनला. मी तिथेच होते, पण काचेच्या या बाजूला.

सकाळी टाकीजवळ गेले नव्हते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

माणसं येऊन गेली. कारखान्यातल्या दोघी, शेजारचे, पाट्या रंगवणारे दोन म्हातारे. मिशाळही आला होता, दुकान बंद ठेवून. दाराशीच उभा राहिला. काहीतरी सांगायचं असावं, पण मी कुणाशी बोलत नव्हते. टाकीकडे बघितलं, खिशातली डबी काढून चिमटीभर खाद्य टाकलं आणि गेला.

मी तीन दिवस त्या माशाला खायला घातलं नव्हतं. दोन दिवस मोजलाही नव्हता. आहे.

१ मार्च, शनिवार

हॉस्पिटलात जाऊन धाकट्याचं सामान घेतलं. त्यांच्या छापील कागदावर सही केली. ताब्यात मिळालेल्या वस्तू:

चष्मा १.
मोबाइल १, चार्जर १.
कंगवा १.
चपला, जोड १.
स्वेटर १ (मी नेलेला. घडीसुद्धा मोडलेली नाही).
पेन्सिल १ (नर्सची म्हणे, तिने परत घेतली नाही).
कागद १, चौघडी.

कागद शब्दकोड्याचा नाही. रकाने आखले आहेत, पट्टीशिवाय, तरी सरळ. अक्षर त्याचंच, पाटीवरचं. डाव्या रकान्यावर 'ताई', उजव्यावर 'मिशाळ'. खाली तारखा. १ फेब्रुवारी: ताई ११, मिशाळ ७. ४ फेब्रुवारी: ताई १० खोडून ११. ८: ताई ११, मिशाळ ६. १४: ताई ११, मिशाळ ५, कडेला बारीक 'अंडी'. पुढे उजवीकडचे आकडे उतरत जातात. डावीकडे अकराच. कुठेही फुली नाही.

शेवटची ओळ वेडीवाकडी. २५ फेब्रुवारी: ताई १, मिशाळ १. पुढे बरोबरची खूण. शेपटी पार कागदाच्या कडेपर्यंत वर गेली आहे.